दख्खनच्या द्राक्षप्रदेशाची जडणघडण : छाटणी, पाणी आणि संस्था
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

द्राक्ष हे मूलतः समशीतोष्ण हवामानातील फळ आहे. थंडीच्या दिवसांत पाने गाळून विश्रांती घेणे, वसंतात फुटणे, उन्हाळ्यात फळ पोसणे आणि शरदात ते पिकवणे हा या वेलीचा स्वाभाविक वार्षिक क्रम होय. त्यामुळे जगातील नामांकित द्राक्षप्रदेश सर्वसाधारणपणे दोन्ही गोलार्धांत ३० ते ५० अंश अक्षांशांच्या दरम्यान आढळतात. छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक ही दोन्ही शहरे मात्र २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. भूगोलाच्या सर्वसामान्य नियमानुसार येथे द्राक्षाचे व्यापारी पीक येण्यास अनुकूलता नाही. तरीही भारतातील द्राक्ष उत्पादनात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे, आणि त्यातील बहुतांश उत्पादन नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत होते.

यातून दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्रीय आहे : थंड विश्रांतीची सवय असलेली वेल दख्खनच्या पठारावर नियमित फळ कशी देते? दुसरा प्रश्न सामाजिक व आर्थिक स्वरूपाचा आहे : दख्खनमधील द्राक्षाचा एक महत्त्वाचा जुना उल्लेख दौलताबादचा असताना द्राक्षप्रदेश म्हणून नाव नाशिक व सांगलीचे झाले, मराठवाड्याचे झाले नाही, असे का? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेतले आहे, कारण त्या देशातही वाईनचे द्राक्ष बाहेरून आले, तेथील द्राक्षप्रदेश गेल्या दोन शतकांतच घडले, आणि त्यांपैकी अनेक सिंचनावर अवलंबून आहेत.

स्थलनाम आणि द्राक्ष : प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

वाईन अथवा द्राक्ष तिच्या स्थानावरून ओळखण्याची पद्धत युरोपीय आहे, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्यास ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हे प्रकार त्यांच्या उत्पत्तिस्थानावरून सांगितले आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्राम परिसर. पाणिनीच्या व्याकरणातही कापिशीपासून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्याची व्यवस्था आहे. म्हणजे ‘अमुक ठिकाणचे द्राक्षमद्य’ ही कल्पना भारतीय ग्रंथपरंपरेस जुन्या काळापासून परिचित होती. मात्र ते ठिकाण वायव्येकडील थंड प्रदेशातील होते.

दख्खनच्या संदर्भात महत्त्वाची साक्ष चौदाव्या शतकातील आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरी येथे राजधानी नेली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा १३४२ मध्ये दिल्लीहून चीनच्या वकिलातीवर निघाल्यानंतर दौलताबादेस आला होता. येथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली आहे.

ही नोंद सामान्यतः परिसराच्या समृद्धीचा पुरावा म्हणून उद्धृत केली जाते. वस्तुतः तिचे महत्त्व वेगळे आहे. वर्षातून दोनदा फळ येणे ही गोष्ट भूमध्य समुद्राच्या काठी वाढलेल्या प्रवाशाला नवलाची वाटली, कारण त्याच्या देशी वेल हिवाळ्यात विश्रांती घेते आणि एकदाच फळते. दौलताबादच्या वेलीला ती विश्रांती मिळत नव्हती. दख्खनमधील द्राक्षशेतीचे पुढील सारे तंत्र या एका वस्तुस्थितीला दिलेले उत्तर आहे.

दोन छाट्या, एक पीक

दख्खनच्या पठारावर हिवाळा सौम्य असतो. किमान तापमान काही रात्री १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले तरी वेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही. छाटल्यावर ती कोणत्याही महिन्यात फुटू शकते. अशा वेलीस तिच्या मर्जीवर सोडल्यास फूट अनियमित येते, काही घड पावसाळ्यात सापडून रोगास बळी पडतात आणि फळाची प्रत घसरते. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षाची एकाहून अधिक पिके वर्षभरात घेतली जातात. महाराष्ट्रातील बागायतदारांनी निराळा मार्ग स्वीकारला. ते वर्षातून दोनदा छाटणी करतात, परंतु पीक एकच घेतात.

पहिली छाटणी एप्रिलमध्ये होते. तिला ‘खरड छाटणी’ म्हणतात. फळ काढून झाल्यावर ओलांड्यावरील काड्या एखादा डोळा राखून खरडून काढल्या जातात. त्यातून जी नवी फूट येते तिच्यावर त्या हंगामात फळ धरले जात नाही. तिचे काम पुढील पिकासाठी काडी तयार करणे एवढेच असते. या नव्या काडीवरील प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा बसतो आणि छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात त्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. हा घड डोळ्यांना दिसत नाही, पण पुढील वर्षी किती घड मिळणार याचा निर्णय तेथेच झालेला असतो. या प्रक्रियेस भरपूर सूर्यप्रकाश, उष्णता आणि मर्यादित जोमाची वाढ लागते. आकाश दीर्घकाळ ढगाळ राहिले किंवा फूट अति जोमाने वाढली तर घडाऐवजी बाळी, म्हणजे आधारासाठीचा तंतू, तयार होण्याकडे वेलीचा कल होतो. म्हणूनच मृगाचे ढग येण्यापूर्वी हा टप्पा पुष्कळसा उरकावा अशा हिशेबाने खरड छाटणीची वेळ धरली जाते. सातव्या पानाच्या आसपास शेंडा खुडून ‘सबकेन’ म्हणजे उपकाडी काढण्याची पद्धतही वाढीचा जोम आवरून घडनिर्मितीस वाव देण्यासाठीच आहे.

पावसाळ्याच्या महिन्यांत काडी पक्व होते, तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते. मग ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, म्हणजे ‘गोडी छाटणी’ अथवा फळछाटणी केली जाते. ज्या डोळ्यांत घड तयार झाले आहेत तेवढे राखून काडी छाटली जाते. थंडीच्या अभावी डोळे एकसारखे फुटत नाहीत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. समशीतोष्ण देशांत जे काम हिवाळा करतो, तेच काम येथे छाटणीची कात्री आणि हे रसायन मिळून करतात. यानंतर नोव्हेंबरमध्ये फुलोरा येतो, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत मणी वाढतात आणि जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत काढणी चालते.

गोडी छाटणीची तारीख ही बागायतदाराची मोठी कसोटी असते. ती सप्टेंबरमध्ये घेतली तर बाजारात लवकर माल जातो, पण परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर डाऊनी अर्थात केवडा रोगाचा धोका वाढतो. ती उशिरा घेतली तर ऐन थंडीत मण्यांची फुगवण मंदावते आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीच्या टप्प्यात पक्व घड सापडतात. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाचा पाऊस आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपीट ही या दोन्ही धोक्यांची उदाहरणे होत.

या पद्धतीचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. फळ जरी फेब्रुवारीत दिसत असले तरी त्या फळाची संख्या मागील मे महिन्यात निश्चित होते. खरड छाटणीनंतरची कोवळी फूट वाढते ती एप्रिल-मेच्या उन्हात, म्हणजे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात. यावेळी वेलीवर एकही घड नसतो, विक्रीस काही नसते, पण पाणी मात्र द्यावेच लागते. पाणी तुटले तर काडी खुरटते, घडनिर्मिती बिघडते आणि तोटा आठ-नऊ महिन्यांनी उघड होतो. दख्खनमध्ये द्राक्षप्रदेशाची मर्यादा एकूण पर्जन्यमानापेक्षा मे महिन्यात विहिरीत किती पाणी शिल्लक आहे यावर अधिक अवलंबून असते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव

ऑस्ट्रेलियात १७८८ च्या पहिल्या ब्रिटिश जहाजताफ्याबरोबर द्राक्षाच्या काड्या आल्या. जेम्स बझ्बी याने स्पेन व फ्रान्समधून गोळा केलेल्या शेकडो वाणांच्या काड्या १८३२ मध्ये सिडनीत पोहोचल्या. १८४० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात सायलेशियातून आलेल्या जर्मन भाषिक कुटुंबांनी वस्ती केली, आणि त्या काळात लावलेल्या काही वेली आजही फळ देतात. १८७० च्या दशकात व्हिक्टोरियात फायलोक्झेरा या मुळांवरील किडीचा प्रादुर्भाव झाला, परंतु कडक निर्बंधांमुळे दक्षिण ऑस्ट्रेलिया तिच्यापासून मुक्त राहिला. त्यामुळे तेथे स्वतःच्या मुळांवरील जुन्या वेली टिकल्या. युरोपात खुंटावर कलम करण्याची पद्धत या किडीमुळे रूढ झाली, तर महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून ‘डॉगरीज’सारखे खुंट स्वीकारले गेले ते प्रामुख्याने पाण्याची टंचाई आणि जमिनीतील क्षार यांमुळे. वरकरणी एकच वाटणारे तंत्र दोन ठिकाणी दोन भिन्न गरजांतून आले आहे.

बरोसा खोरे सुमारे साडेचौतीस अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तेथे वेल मे ते ऑगस्ट या हिवाळी महिन्यांत पानगळ होऊन विश्रांती घेते, त्याच काळात एकदा छाटणी होते, सप्टेंबरमध्ये डोळे फुटतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढणी होते. म्हणजे बरोसा व नाशिक येथील काढणीचे महिने जवळपास एकच आहेत. परंतु बरोसात ती उन्हाळ्याची अखेर असते, नाशिकमध्ये उन्हाळ्याचा आरंभ. बरोसात फळ पिकताना दिवस हळूहळू निवत जातात, येथे ते तापत जातात. तापमान वाढत गेल्यास मण्यांतील मॅलिक आम्ल लवकर घटते. म्हणून येथील वाईन उत्पादकास साखर पुरेशी चढणे आणि आम्लता टिकणे यांचा मेळ घालण्यासाठी काढणीचा दिवस काटेकोरपणे निवडावा लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून दुसरी गोष्ट दिसते ती कायद्याची. युरोपीय समुदायाशी झालेल्या वाईन व्यापार कराराच्या अनुषंगाने तेथे १९९० च्या दशकात भौगोलिक निर्देशांची व्यवस्था उभी राहिली. एखाद्या भूभागास ‘प्रदेश’ म्हणून नोंद मिळण्यासाठी तो सलग असावा, त्यात किमान ५ हेक्टरच्या किमान ५ स्वतंत्र मालकीच्या द्राक्षबागा असाव्यात आणि सामान्यतः वर्षाला ५०० टन वाईन द्राक्षे पिकावीत, असे निकष ठरले. बाटलीवर प्रदेशाचे नाव लावायचे तर त्यातील किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातीलच असावी लागतात. कोणता वाण लावावा वा कशी छाटणी करावी याबाबत मात्र फ्रान्ससारखे बंधन नाही. सीमा ठरवणे सोपे नव्हते. चुनखडीवरील लाल मातीच्या अरुंद पट्ट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कूनावारा प्रदेशाच्या सीमेचा वाद अनेक वर्षे चालला आणि शेवटी न्यायालयात निकाली निघाला. द्राक्षप्रदेशाची सीमा माती आखते तशी ती माणसेही आखतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

तिसरी गोष्ट पाण्याची. ऑस्ट्रेलियातील वाईन द्राक्षांचा निम्म्याहून अधिक भाग रिव्हरलँड, मरे डार्लिंग व रिव्हरिना या अंतर्भागातील सिंचित प्रदेशांत पिकतो. मिल्ड्युरा येथील सिंचन वसाहत १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी सुरू केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दीर्घ अवर्षणात या बागांच्या पाण्यावर कठोर मर्यादा आल्या, आणि मरे-डार्लिंग खोऱ्यातील पाणीवाटपाची नवी योजना २०१२ मध्ये अमलात आली. म्हणजे प्रदेशाचे नाव कायद्याने टिकवता येते, पण त्या नावामागील पाणी कायद्याने निर्माण करता येत नाही. त्याचे केवळ वाटप करता येते.

नाशिक व सांगली : संस्थांचे कार्य

महाराष्ट्रातील द्राक्षप्रदेश घडण्यात शेतकऱ्यांच्या संघटनेचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना १९६० मध्ये झाली. ‘थॉमसन सीडलेस’ या बिनबियांच्या वाणाचा प्रसार झाल्यावर बागायतदारांनी स्वतःच्या बागांतील वेगळ्या वेली हेरून नवे वाण निवडले. तासगाव परिसरातून ‘तास-ए-गणेश’ हा वाण पुढे आला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ हे वाण निवडले. सहकारी तत्त्वावर निर्यात करण्यासाठी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. युरोपच्या बाजारपेठेसाठी बागनिहाय नोंदणी व कीटकनाशक अवशेष तपासणीची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था अपेडाने उभारली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षे अडकली आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा फटका बसला. फुटीचा जोम आवरून घडनिर्मिती साधण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन होते. मे महिन्यातील निर्णयाचा परिणाम पुढील वर्षाच्या बाजारात कसा उमटतो, याचे हे आणखी एक उदाहरण.

वाईनच्या क्षेत्रात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांच्या इंडेज समूहाने १९८० च्या दशकात आरंभ केला. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाईन पार्क उभारण्याचा निर्णय घेतला. भौगोलिक निर्देशांचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आल्यानंतर ‘नाशिक व्हॅली वाईन’ व ‘नाशिक द्राक्षे’ यांची २०१० च्या सुमारास, तर ‘सांगली बेदाणा’ याची २०१६ मध्ये नोंद झाली.

या वाटचालीस उतारही आहेत. २००८-०९ च्या जागतिक मंदीत वाईनची मागणी घटली, कारखान्यांकडून द्राक्षांची उचल व देणी रखडली आणि नाशिक परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वाणांच्या बागा काढून टाकल्या. खाण्याची द्राक्षे एका बाजारात विकली गेली नाहीत तर दुसऱ्या बाजारात नेता येतात किंवा त्यांचा बेदाणा करता येतो. लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची वाईन द्राक्षे मात्र कारखान्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या फारशी उपयोगाची नसतात. वाईन द्राक्षाच्या शेतकऱ्याचे हे अवलंबित्व धोरण आखताना दृष्टीआड होऊ नये.

मराठवाडा : पाण्याचा प्रश्न

दौलताबाद परिसर आज सीताफळ, पेरू व अंजिरासाठी ओळखला जातो. मराठवाड्यातील जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा यांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देश मिळाले. द्राक्षबागा लातूर, धाराशिव, जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतही आहेत, पण ‘मराठवाड्याचे द्राक्ष’ असे नाव रूढ झालेले नाही. माती व हवामान यांत नाशिक आणि वैजापूर-गंगापूर परिसर यांच्यात इतका मोठा फरक नाही की केवळ त्यामुळे एकीकडे द्राक्षप्रदेश व्हावा आणि दुसरीकडे होऊ नये. फरक आहे तो मे महिन्यातील पाण्यात आणि त्या पाण्याभोवती उभ्या राहिलेल्या संस्थांत.

जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या पुढाकाराने माथा ते पायथा जलसंधारणाची कामे झाली. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. पुढे ठिबक सिंचन आणि अस्तरीकरण केलेली शेततळी यांच्या आधारे गावाने द्राक्षाकडे वळून आपले अर्थकारण बदलले, आणि २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळातही तेथील बागा तगल्या. कडवंचीत पाऊस वाढला नव्हता. पावसाळ्याचे पाणी एप्रिल-मेपर्यंत पोहोचवण्याची सोय झाली होती. द्राक्षाला जे पाणी ज्या महिन्यात लागते, तेवढे त्या महिन्यासाठी साठवणे हा या यशाचा गाभा होय.

तथापि, या उदाहरणाचे अनुकरण करताना एक भेद विसरून चालणार नाही. पाणलोटाचे काम आधी व शेततळे नंतर हा क्रम कडवंचीने पाळला. अनेक ठिकाणी मात्र शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने न भरता विहिरी व विंधन विहिरींतून उपसलेल्या भूजलाने भरले जाते. तसे झाल्यास गावाच्या सामायिक भूजलाचे रूपांतर खाजगी साठ्यात होते, आणि उघड्या तळ्यातील पाण्याचे बाष्पीभवन तर उन्हाळ्यातच सर्वाधिक असते. एका बागेचा मे महिना तारताना शेजारच्या वस्तीची पिण्याची विहीर कोरडी पडू शकते. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राबवली गेली. तिच्यासारख्या योजनांचे मूल्यमापन तळ्यांच्या संख्येइतकेच ती तळी कोणत्या पाण्याने भरतात यावरही व्हावयास हवे.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर गोदावरी खोऱ्यात दिसतो. नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरीच्या बागा गोदावरीच्या वरच्या भागात आहेत, तर पैठणचे जायकवाडी धरण, अर्थात नाथसागर, त्याच खोऱ्यात खाली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ मध्ये झाला आणि त्यात टंचाईच्या काळातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालाने जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्यास ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरील धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र दिले. त्यानुसार पाणी सोडण्याचे निर्णय वेळोवेळी झाले, त्यांवर न्यायालयीन वाद झाले आणि या सूत्राच्या फेरआढाव्यासाठी पुढे समितीही नेमली गेली. येथे एक योगायोग ध्यानात येतो. ज्या पंधरवड्यात जायकवाडीच्या साठ्याचा हिशेब होतो, त्याच पंधरवड्यात निफाडचा बागायतदार गोडी छाटणी करून पुढील पाच महिन्यांचा खर्च अंगावर घेत असतो. दोघांचीही निकड खरी आहे. वरच्या बागायतदाराला छाटणीपूर्वी पाण्याची शाश्वती हवी असते, तर खालच्या नगरांना व शेतीला वर्षभराच्या पाण्याची. ही माहिती छाटणीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या अंदाजासह, जाहीर होऊ लागली तर निदान अनिश्चिततेतून येणारे नुकसान कमी होऊ शकेल.

वाईनचा स्वतंत्र विचार

द्राक्षप्रदेश म्हटले की वाईनचा विचार येतो, परंतु महाराष्ट्रातील एकूण द्राक्षांपैकी वाईनसाठी जाणारा भाग अत्यल्प आहे. वाईनविषयी सामाजिक मतभेदही आहेत. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. मोठ्या किराणा दुकानांत वाईन विक्रीस परवानगी देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ मधील निर्णय विरोधामुळे प्रत्यक्षात उतरला नाही. एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवले जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. मराठवाड्यात मद्य उद्योग व पाणी हे विषय वेगळे काढता येत नाहीत, हे त्यावरून दिसते.

दुसरीकडे, ऑस्ट्रेलियाशी झालेला आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला असून, बाटलीमागे ५ डॉलरहून अधिक किमान आयात किमतीच्या ऑस्ट्रेलियन वाईनवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम १०० टक्क्यांवर आले आणि ते १० वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरावयाचे आहे. १५ डॉलरहून अधिक किमतीच्या वाईनसाठी हे दर अनुक्रमे ७५ व २५ टक्के आहेत. म्हणजे बरोसा व नाशिक ही नावे भारतीय दुकानात अधिकाधिक शेजारी येणार आहेत. अशा वेळी मराठवाड्यातील शेतकऱ्याला नव्याने वाईन द्राक्षांकडे वळवण्याआधी खरेदीची हमी, पर्यायी उपयोग आणि पाणी या तिन्ही बाबींचा हिशेब मांडला जाणे आवश्यक आहे. खाण्याचे द्राक्ष व बेदाणा यांत निदान बाजार बदलण्याची मोकळीक उरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. दख्खनच्या पठारावर द्राक्षवेलीस नैसर्गिक विश्रांती नसल्यामुळे ‘दोन छाट्या, एक पीक’ ही पद्धत विकसित झाली. चौदाव्या शतकात दौलताबाद येथे नोंदले गेलेले ‘वर्षातून दोन फळे’ हे याच शरीरक्रियेचे दुसरे रूप होय.

२. या पद्धतीत पुढील पिकाची घडनिर्मिती प्रामुख्याने मे महिन्याच्या सुमारास होते. म्हणून येथील द्राक्षप्रदेशाची खरी मर्यादा उन्हाळ्यातील पाणी ही आहे. हिवाळ्यात विश्रांती घेणाऱ्या प्रदेशांतील निकष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

३. द्राक्षप्रदेश माती व हवामान यांवरच ठरत नाही. संघटना, संशोधन, निर्यात व्यवस्था आणि कायदेशीर ओळख यांनी तो घडतो. नाशिक-सांगली आणि ऑस्ट्रेलिया या दोन्हींचा अनुभव याच दिशेने जातो.

४. मराठवाड्यात द्राक्षाचा विस्तार करावयाचा झाल्यास कडवंचीप्रमाणे पाणलोटाचे काम प्रथम व्हावे, शेततळी भूजलाच्या उपशाने भरली जाऊ नयेत, आणि गोदावरी खोऱ्यातील पाणीवाटपाचे निर्णय छाटणीच्या वेळापत्रकाची जाण ठेवून वेळेवर घेतले जावेत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र व विधी या शाखांचे विद्यार्थी एकाच द्राक्षबागेत जाऊन आपापल्या विषयाचे प्रश्न विचारू शकतात. परिसरातील एखाद्या गावाची छाटणीची तारीख, विहिरीची एप्रिल-मेमधील पातळी आणि पुढील फेब्रुवारीतील घडांची संख्या यांची सलग काही वर्षे नोंद ठेवली गेली, तर मराठवाड्यात द्राक्ष कोठे लावावे आणि कोठे लावू नये याचे उत्तर अंदाजाऐवजी नोंदींच्या आधारे देता येईल.